जहाजावर जायची वाट कोण राखणार? गोदीमालक, ठेकेदार आणि सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी

मुंबईच्या उघड्या धक्क्याला लागलेले जहाज उधाणाच्या दिवसांत सहा तासांत साडेचार मीटरच्या आसपास वर-खाली होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास भरती असते तेव्हा गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजावर जायचा फळीचा पूल, जवळजवळ आडवा असतो. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ओहोटी लागलेली असते, डेक धक्क्याच्या खाली गेलेला असतो, आणि तोच गँगवे विहिरीत सोडलेल्या शिडीसारखा दिसतो. मधल्या वेळात त्याला कुणी हातही लावलेला नसतो. तरी दुपारची बरी वाट संध्याकाळी धोक्याची झालेली असते.

हे एकदा लक्षात आले की या विषयातला अर्धा कायदा कळला. मालकाने शिडी द्यावी, एवढ्यावर कायदा थांबत नाही. कामाच्या प्रत्येक जागी जाण्या-येण्याची सुरक्षित सोय पुरवा आणि राखा, असे तो सांगतो. पुरवणे बहुतेक यार्डांत होते, कारण त्याची खरेदी होते, बिल होते, फोटो निघतो. राखण्याचे बिल नसते. सुरक्षा अधिकारी म्हणून मी ज्या अपघातांच्या चौकशीला बसलो, त्यांतले बहुतेक राखण्यात कसूर झाल्यामुळे घडले होते.

आधी कायदा, थोडक्यात

कारखाने अधिनियम १९४८ मध्ये जहाज बांधणे, दुरुस्त करणे, नव्याने सजवणे आणि तोडणे हे सगळे उत्पादन प्रक्रियेत मोडत होते. त्याचे कलम ३२ या विषयाचा कणा. जमिनी, पायऱ्या, जिने, वाटा आणि गँगवे भक्कम हवेत, त्यांवर अडथळा किंवा घसरवणारे काही नको, गरज असेल तिथे कठडा हवा. ज्या ज्या जागी कुणालाही कधीही काम करावे लागते, तिथे पोचण्याची सुरक्षित वाट हवी. उंचावरून पडण्याची शक्यता असेल तर कुंपण किंवा दुसरा बंदोबस्त हवा. "कधीही" हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्षातून एकदा मास्टवरचा दिवा बदलायला चढणाऱ्या वायरमनची वाटही त्यात येते. कलम ३३ खड्डे आणि जमिनीतल्या उघड्या तोंडांचे, कलम ३६ टाक्या आणि बंदिस्त जागांचे. १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७अ आले आणि आत जाण्याबरोबर बाहेर पडण्याची वाटही भोगवटादाराच्या, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्याच्या, सर्वसाधारण कर्तव्यांत स्पष्ट लिहिली गेली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० लागू झाली आणि कारखाने अधिनियम तिच्यात विलीन झाला. म्हणून "कलम ३२ आता राहिले नाही" असे सांगणारे भेटतात. त्यांना संहितेचे कलम ६ उघडून दाखवावे. जागा सुरक्षित राखणे आणि तिथे जाण्या-येण्याची निर्धोक सोय पुरवून ती राखणे, हे कर्तव्य तिथे जवळजवळ त्याच शब्दांत आहे. संहितेशी विसंगत नसलेले जुने नियमही संक्रमणकाळात चालू राहतात.

फरक पडला तो लहान यार्डांना. विजेवर चालणाऱ्या जागेत पूर्वी दहा कामगार असले की कारखाना होत होता, आता वीस लागतात. मांडवी-झुआरीच्या काठी बार्ज दुरुस्त करणाऱ्या पंधरा माणसांच्या यार्डाला वाटू शकते की आपण सुटलो. तसे होत नाही. दहा किंवा जास्त कामगारांची आस्थापना संहितेत येतेच, आणि कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य प्रत्येक मालकावर आहे.

आणखी एक शब्दप्रयोग कानावर पडेल: "वाजवीपणे शक्य असेल तितके". ही पळवाट नाही. १९४९ च्या एडवर्ड्स विरुद्ध नॅशनल कोल बोर्ड या इंग्लंडमधल्या खटल्यात न्यायालयाने तराजू ठरवून दिला. एका पारड्यात धोका, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास. दुसरे पारडे पहिल्यापेक्षा फारच जड असेल तरच मालक सुटतो. चार बोल्ट आणि एक झाकण कधीच इतके जड होत नाही. शिवाय १९४८ च्या कायद्यातले कलम १०४अ सांगत होते की शक्य नव्हते हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. म्हणजे शक्य होते हे निरीक्षकाने दाखवायचे नाही, शक्य नव्हते हे मालकाने दाखवायचे. हिशेब त्याच तयारीने ठेवावा.

पहिली पायरी: जबाबदार कोण, हे कागदावर आणा

नव्या जहाजाच्या बांधणीत प्रश्न सोपा असतो. यार्ड कंपनीचे असेल तर भोगवटादार म्हणजे संचालकांपैकीच एक. जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे पक्के केले. वर्क्स मॅनेजरला भोगवटादार नेमून संचालकांनी हात झटकायची सोय उरली नाही.

गुंता होतो दुरुस्तीत. मुंबई बंदरातल्या सुमारे ३०५ मीटर लांबीच्या ह्यूज ड्राय डॉकसारख्या सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून जहाज कोरडे उभे करायच्या गोदीत, बाहेरचे जहाज येते. गोदी एकाची, जहाज दुसऱ्याचे, वेल्डर तिसऱ्या ठेकेदाराचे. भाड्याने मिळणाऱ्या सुक्या गोदीसाठी जुन्या कायद्याने सरळ वाटणी केली होती. गोदीतला आणि भोवतालचा उजेड गोदीमालकाकडे. जहाजावरच्या कामाची सुरक्षितता, म्हणजे कलम ३२ सुद्धा, जहाजमालकाकडे किंवा त्याच्याकडून काम घेणाऱ्या ठेकेदाराकडे, आपापल्या कामगारांपुरती. नव्या संहितेने पारडे गोदीमालकाकडे झुकवले. जहाजाच्या स्थितीशी थेट संबंध असलेल्या ज्या बाबी केंद्र सरकार ठरवेल तेवढ्या जहाजमालकाच्या, बाकी सगळे गोदीमालकाचे. "जहाज आमचे नाही" हे वाक्य गोदीमालकाला आता फारसे वाचवणार नाही.

म्हणून जहाज गोदीत घेण्याआधी एक पानी तक्ता करा. गँगवे, डेकवरची उघडी तोंडे, परांची, टाक्यांची मॅनहोल (माणूस आत उतरायची तोंडे), तात्पुरते दिवे, धक्क्याची कड. प्रत्येकासमोर एकच नाव आणि मोबाइल नंबर, रात्रपाळीसाठी वेगळा. "सर्व संबंधित" असे कुठेही लिहू नका. ज्या रकान्यात दोन नावे आहेत ती जागा कुणीच पाहत नाही, हा माझा अनुभव.

दुसरी पायरी: वाट चालून पाहा

नकाशा टेबलावर काढू नका. सर्वात खालच्या डबल बॉटम टाकीत (जहाजाच्या दुहेरी तळातल्या टाकीत) ग्राइंडर चालवणाऱ्या कामगाराबरोबर गेटपासून निघा. हातात त्याच्याइतकेच सामान घ्या: ग्राइंडर, केबलचा वेटोळा, पाण्याची बाटली. दोन्ही हात अडकलेला माणूस शिडी कशी उतरतो हे तेव्हा कळते. उत्तर असे, की एका हाताने उतरतो. मग सामानासाठी दोर आणि बादलीची सोय का करायची, हे कुणाला पटवावे लागत नाही.

जाताना प्रत्येक टप्प्याला क्रमांक द्या आणि परत येताना तीच वाट दिवे बंद झाले आहेत असे समजून तपासा. जिथे हात भिंतीवर चाचपडतो तिथे आपत्कालीन दिवा किंवा चमकणारी पट्टी हवी.

सुक्या गोदीत एक खास लबाडी दिसेल. गोदीच्या भिंतीला मोठ्या दगडी पायऱ्या असतात. त्या जहाजाला टेकू द्यायला आहेत, उतरायला नाहीत. जिना दोनशे पावले दूर असला की पोरे त्यांवरूनच उड्या मारत खाली जातात. इथे दटावण्यापेक्षा मधोमध एक तात्पुरता जिना लावणे स्वस्त पडते. पावसाळ्यात गोदीच्या तळाला शेवाळ धरते, तेव्हा कील ब्लॉकांमधली (जहाज ज्यांवर टेकते त्या ठोकळ्यांमधली) चालायची वाट रोज घासून घ्यावी लागते. धक्क्याच्या कडेची साखळी जहाज घेताना काढतात आणि परत लावायची राहते. तिचे नाव तक्त्यात घाला.

तिसरी पायरी: गँगवे

आपला कायदा "सुरक्षित" म्हणतो, पण किती रुंद आणि किती उंच ते कलमात नाही. अशा वेळी मी अमेरिकेच्या जहाजबांधणी सुरक्षा नियमांतले आकडे वापरतो. आपल्याकडे ते बंधनकारक नाहीत, पण वाजवी म्हणजे काय याचे उत्तर द्यायला कामी येतात. चालायची रुंदी किमान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना सुमारे ८४ सेंटिमीटर उंचीचा कठडा, मध्ये आणखी एक दांडी. कठड्याला दोर किंवा साखळी असेल तर ती ताणलेली. गँगवेचा पाय धक्क्याच्या कडेपासून फुटापेक्षा जास्त दूर पडला तर मधल्या फटीवर कठड्यासह पक्की फळी. पूर्ण लांबीवर उजेड. गँगवेवर होस, केबल काही आडवे टाकायचे नाही, आणि क्रेनचा भार त्याच्यावरून न्यायचा नाही. शेवटचा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि सगळ्यात जास्त मोडला जातो.

आता सुरुवातीची भरती-ओहोटी. ड्यूटीवरच्या खलाशाकडे त्या दिवसाच्या भरती-ओहोटीचे कोष्टक हवे, आणि गँगवे कोणत्या वेळी पाहायचा, दोर कधी सैल किंवा घट्ट करायचे, हे त्याच्या पाळीच्या कागदावर वेळेसकट लिहिलेले हवे. गँगवे फार उभा झाला की तो बंद करून दुसऱ्या पातळीवरून वाट उघडायची. ती दुसरी जागा आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी शोधायला लागलात की दोराची शिडी निघते. शिडी लावावीच लागली तर वरच्या टप्प्यापेक्षा मीटरभर वर निघालेली, वर बांधलेली, आणि चार मीटर उंचीला एक मीटर पाय बाहेर या उताराची. शिड्यांसाठी आपले आयएस ३६९६ भाग २ हे मानक आहे, ते स्टोअरमध्ये टांगून ठेवा.

चौथी पायरी: डेकवरची भोके

इथे जरा थांबतो, कारण एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही.

एका यार्डात मी सकाळी साडेआठला डेकची फेरी पुरी करून रजिस्टरवर सही केली. सव्वादहाला एका ठेकेदाराच्या पाइप फिटरने डेकवरचे मॅनहोल उघडले. चहाची वेळ झाली. माणूस भला होता, भोक उघडे टाकून गेला नाही, शेजारी पडलेला प्लायचा तुकडा त्याने वर ठेवला. दहा मिनिटांनी दुसऱ्या ठेकेदाराचा रंगारी रंगाचा डबा घेऊन आला. त्याला प्लाय दिसला, भोक दिसले नाही. प्लाय सरकला. तो खाली कमरेपर्यंत गेला आणि मांडीचे हाड मॅनहोलच्या कडेवर मोडले. चौकशीत पहिला तास गेला तो "प्लाय कोणाचा" या प्रश्नात. माझी सही त्या दिवशीच्या पानावर होती, खरी होती, आणि काहीच उपयोगाची नव्हती.

उघडे भोक माणसाला दिसते. सुटा प्लाय भोक लपवतो. त्यामुळे झाकणाबद्दल माझे नियम कडक आहेत. झाकण भोकापेक्षा सगळीकडून मोठे. खालून अडकणारे खिळ्यांचे किंवा लाकडी अडसर, किंवा वरून बोल्ट, म्हणजे पायाने सरकणार नाही. माणूस आणि त्याचे सामान पेलण्याइतके जाड. वर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत "खाली भोक आहे", मराठीत आणि हिंदीत, कारण यार्डातले निम्मे हात बिहार, ओडिशा, बंगालचे. आणि उघडणाऱ्याचे नाव व वेळ लिहिलेला टॅग. भोकातून काम चालू असेल तर झाकण ठेवता येत नाही, तेव्हा कठडा. मॅनहोलसारख्या लहान तोंडाला किमान ७६ सेंटिमीटर, मोठ्या हॅचला (माल चढवायच्या-उतरवायच्या तोंडाला) ९१ ते १०७. हेही आकडे त्याच अमेरिकन नियमांतले.

उघडायचा अधिकारही परवान्याने द्या. "मॅनहोल उघडणे" हे वेल्डिंगसारखेच परवान्याचे काम माना. सुरुवातीला फोरमन कुरकुरतात. महिन्याभरात त्यांनाच बरे वाटते, कारण डेकवर किती तोंडे उघडी आहेत हे प्रथमच एका कागदावर दिसते.

पाचवी पायरी: परांची

कामगार तिला स्टेजिंग म्हणतात. बांधायची खलाशांनी, तपासायची सक्षम व्यक्तीने, आणि टॅग लागल्यावरच चढायचे. हिरवा टॅग म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. आयएस ३६९६ भाग १ मध्ये बांधणीचे तपशील आहेत. वाटेच्या दृष्टीने मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. परांचीला स्वतःची शिडी हवी, नाही तर माणसे तिरक्या नळ्यांवरून माकडासारखी चढतात. दुसरे असे की जहाजाच्या कवचाची प्लेट कापली किंवा क्रेनने ब्लॉक बसवला की परांचीच्या फळ्या हलवल्या जातात आणि हिरवा टॅग तसाच लटकत राहतो. कोणत्याही कापणीनंतर टॅग आपोआप रद्द, हा नियम कंत्राटात घाला.

पावसाळ्यात वरून प्लास्टिकचा ताडपत्रा बांधतात. वाऱ्याने तो शिडासारखा फुगतो आणि आख्खी परांची ओढतो. जोराचा वारा सुटला की ताडपत्रा आधी सोडायचा, माणसे नंतर चढवायची.

सहावी पायरी: टाक्या

जहाजाच्या टाकीत जाणारा माणूस बाहेर येईल का, हा प्रश्न मॅनहोलपाशीच सुटला पाहिजे. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या बॅलास्ट टाकीत (जहाजाचा तोल राखायला पाणी भरायच्या टाकीत) लोखंड गंजते आणि गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. वास नाही, धूर नाही. उघड्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली माणूस घालू नये. १९४८ चा कायदा सांगत होता, सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा. नाही तर श्वसनयंत्र आणि पट्टा हवा, आणि पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात हवे. आत नेण्याचा दिवा किंवा विजेचे हत्यार २४ व्होल्टपेक्षा जास्त नको, पुरेशी सुरक्षा साधने असल्याशिवाय.

वाटेचा प्रश्न पुढे सुरू होतो. टाकीला एकच मॅनहोल, आणि त्यातून हवेचा फुगीर पाइप, दोन वेल्डिंग केबल, गॅसची होस, दिव्याची वायर. माणूस त्यांच्यात अंग चोरून उतरतो. आत काही झाले तर तो आणि त्याला उचलणारा, दोघे याच भोकातून बाहेर येणार. म्हणून जिथे जहाजाची रचना परवानगी देते तिथे दोन तोंडे उघडा, एक सामानाला, एक माणसाला. एकच असेल तर होस आणि केबल एका बाजूला बांधून निम्मे तोंड मोकळे ठेवा. गॅसची होस चहाच्या सुट्टीतही बाहेर काढायचीच. गळकी होस टाकीत राहिली की सुट्टीनंतरची पहिली ठिणगी पुरते.

दारावर पहारेकरी बसवा, आणि त्याला एकच गोष्ट बजावा: आतला माणूस पडला तर तू आत उडी मारायची नाहीस. ओरडायचे, हवा चालू ठेवायची, दोर ओढायचा. स्ट्रेचर त्या मॅनहोलमधून जाते का, हे काम सुरू होण्याआधी रिकाम्या टाकीत एकदा करून पाहा. मी पाहिले तेव्हा दोन वेळा ते गेले नव्हते.

सातवी पायरी: पाळी बदलताना

जहाज रात्रीत बदलते. काल जिथे भिंत होती तिथे आज दार, काल जिथे डेक होता तिथे आज क्रेनसाठी कापलेला चौकोन. म्हणून दिवसाची एक फेरी पुरत नाही. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला जाणारा आणि येणारा सुपरवायझर दोघांनी मिळून वाट चालायची, आणि मॅनहोलच्या परवान्यांची यादी हातोहात द्यायची. माझ्या त्या सहीनंतर मी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: "यानंतर काय उघडले जाणार आहे". झालेल्याची नोंद सगळे ठेवतात. होणाऱ्याची ठेवली की रंगाऱ्याला त्या डेकवर पाठवायचे की नाही, हे सकाळीच ठरते.

ठेकेदार, कामगार आणि दंड

ठेकेदाराच्या माणसासाठी वाट वेगळी नसते, म्हणून कर्तव्यही वेगळे नाही. हार्नेस, शिडी, हेल्मेट यांचे पैसे कामगाराच्या मजुरीतून कापू नका. सुरक्षेसाठी दिलेल्या कशाचाही आकार कामगाराकडून घेता येत नाही, हे संहितेच्या कलम ६ मध्येच आहे. ठेक्याच्या दरात परांची आणि दिव्यांची स्वतंत्र ओळ ठेवा. ती ओळ नसली की सगळ्यात कमी दर भरणारा नेमकी तीच बचत करतो.

कामगाराला गंभीर इजेची रास्त भीती वाटली तर तो मालकाला, सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत किंवा थेट, आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. मालकाला ती भीती पटली तर तत्काळ उपाय, नाही पटली तर प्रकरण निरीक्षकाकडे आणि त्याचा निर्णय अंतिम. महाराष्ट्रात यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, गोव्यात कारखाने व बाष्पक निरीक्षणालय. तक्रार करणाऱ्याचा गेटपास दुसऱ्या दिवशी अडवला जातो, हे मी पाहिले आहे. तसे केलेत तर पुढची तक्रार तुमच्यापर्यंत येणार नाही, थेट अपघात येईल.

कर्तव्य मोडल्याने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजेला एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. न्यायालय दंडाचा किमान निम्मा भाग जखमीला किंवा वारसांना द्यायला सांगू शकते. अपघात झालाच तर जखमीला हलवा, जागा तशीच ठेवा, आणि प्लाय कोणाचा होता ते विचारण्याआधी मॅनहोलवरचा टॅग वाचा. तो तिथे असेल तर चौकशीचा पहिला तास वाचतो.